ट्रम्पेटचा माऊथपीस घेताना ओठ कुठे बसतात ते आधी बघा

प्रश्न: मी 24 वर्षांचा आहे. शाळा सुटल्यापासून लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वाद्याबरोबर जो माऊथपीस आला तोच आजवर वापरतोय. त्यावर ‘7सी’ असं माप कोरलंय, कंपनीचं नाव नाही. वरातीत पहिला तास-दीड तास सगळं ठीक जातं. मग वरचे सूर निसटायला लागतात आणि घरी येऊन आरशात बघावं तर वरच्या ओठाच्या लाल भागावर कडेचा वळ उठलेला असतो, कधी सालही निघालेली असते. माझा माऊथपीस ओठांवर खाली बसतो, म्हणजे वरचा ओठ थोडा आणि खालचा जास्त आत जातो. आमचे मास्तर म्हणतात, अर्धा-अर्धा धर, नाहीतर तुझं तोंड कधी तयार होणार नाही. दुकानदार म्हणाला, तुझे ओठ जाड आहेत, 1½सी घे. पुण्यातला एक मित्र म्हणतो, शिल्के कंपनीचा 14ए4ए घे, वरचे सूर आपोआप निघतील. तिघांपैकी कोणाचं ऐकू? पैसे एकाच माऊथपीसपुरते आहेत.
— एक ट्रम्पेटवादक, सांगली जिल्हा

उत्तर: पैसे खिशातच राहू द्या, आणि माऊथपीस जिथे बसतो तिथून तूर्त हलवू नका. मास्तरांचा मान राखून सांगतो, ‘अर्धा-अर्धा’ हा नियम सगळ्या तोंडांना लागू पडत नाही.

फिलाडेल्फियाचे ट्रॉम्बोनवादक आणि शिक्षक डोनाल्ड राइनहार्ट यांनी विसाव्या शतकात वादकांच्या एम्बुशरची, म्हणजे ओठ आणि माऊथपीस यांच्या बैठकीची, प्रकारवार विभागणी केली. त्यांची मूळ यादी लांबलचक आहे. आज तिचे तीन ठळक गट सांगितले जातात: माऊथपीस खूप वर बसणारे, मध्यापेक्षा जरा वर बसणारे आणि खाली बसणारे. पहिल्या दोन गटांत वरच्या ओठाचं वर्चस्व असतं आणि हवा कपात, म्हणजे माऊथपीसच्या वाटीत, शिरताना खाली वळते. तिसऱ्यात खालचा ओठ वरचढ असतो आणि हवा वर वळते. हवा सरळ नळीत जाते असं वाजवणाऱ्याला नेहमी वाटतं, पण तसं होत नाही. अमेरिकेतले नामवंत हॉर्नवादक फिलिप फर्कस यांनीही 1956 मध्ये हवा सरळच जायला हवी असं लिहिलं होतं. पुढे 40 नावाजलेल्या हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो काढल्यावर त्यांनाच दिसलं की जवळजवळ सगळ्यांची हवा खाली वळते. 1970 मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्धही केलं.

अर्धा-अर्धा बैठकीत गोची अशी होते की कोणता ओठ वरचढ हे पक्कं ठरत नाही. खालच्या सुरांना एक ओठ पुढे सरसावतो, वरच्यांना दुसरा, आणि मधे एखाद्या सुरावर आवाज तुटतो. ज्यांच्या दातांची आणि जबड्याची ठेवण वर बसणाऱ्या बैठकीची आहे त्यांना मास्तरांचा सल्ला चालून जातो, कारण त्यांचा माऊथपीस तसाही मध्याच्या आसपासच असतो. तुमचा तसा नसेल, तर जुळलेलं तोंड मोडून बसाल.

आता ‘खाली बसतो’ हे तुम्ही अंदाजाने लिहिलंय की बघून, ते आधी ठरवा. दहा मिनिटं वाजवून ओठ गरम करा. मग स्टाफच्या, म्हणजे स्वरलिपीच्या पाच रेघांतल्या, दुसऱ्या रेघेवरचा जी मध्यम आवाजात आठ-दहा सेकंद धरा, माऊथपीस झटकन काढा आणि लगेच कोणालातरी समोरून ओठांचा फोटो काढायला सांगा. रिमचा, म्हणजे माऊथपीसच्या ओठांवर टेकणाऱ्या कडेचा, गोल ठसा काही सेकंद स्पष्ट दिसतो. फोटोत त्या गोलाच्या आत वरचा ओठ किती आणि खालचा किती ते मोजा. हेच मधल्या सी वर आणि स्टाफच्या डोक्यावरच्या जी वर करून बघा. तिन्ही ठसे एकाच जागी असतील तर बैठक पक्की आहे. वर जाताना ठसा सरकत असेल तर तुमचा त्रास माऊथपीसचा नसून रियाजाचा आहे, आणि त्यावर खरेदीचा उपाय चालणार नाही. माऊथपीसशिवाय नुसते ओठ फुरफुरवून प्रकार ठरवू नका. तेव्हा ओठ वेगळेच बसतात.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा माऊथपीस कोणाकडून तासाभरासाठी मिळाला तर फारच उत्तम. अमेरिकेतली केली ही कंपनी असे बनवते. त्यातून कोणता ओठ दुसऱ्यावर चढतो ते थेट दिसतं, आणि श्वासाच्या वाफेचा डाग कपात थ्रोटच्या, म्हणजे तळाच्या भोकाच्या, वर पडतो की खाली, त्यावरून हवेची दिशा कळते. ट्रम्पेटच्या तिरपेपणावरून मात्र निष्कर्ष काढू नका. घंटी, म्हणजे ट्रम्पेटचं रुंद तोंड, वर की खाली हे जबड्याच्या ठेवणीवरही अवलंबून असतं.

तुमचा ठसा खरोखर खाली निघाला असं धरून पुढचं सांगतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे तो वरच्या ओठाच्या लाल भागावरचा वळ. खाली बसणाऱ्या बैठकीत रिमची वरची कड नेमकी त्या भागावर येते. लाल भागाच्या वरची साधी कातडी जाड असते, रिमचा भार ती तासन्‌तास सोसते. लाल भाग नाजूक असतो, त्यावर दाब आणि घासणं दोन्ही फार काळ चालत नाही. त्यातून 7सी या मापाची आतली कड तशी धारदार असते. नव्या वादकाला ती उपयोगी पडते, कारण धारदार कडेमुळे सुराची सुरुवात स्वच्छ होते. पण लाल भागावर बसलेली तीच कड उभ्याने चालत वाजवताना पावलागणिक ओठात रुतते. पहिला दीड तास सूर नीट येतात, मग ओठ सुजतो, सुजलेला ओठ थरथरायला जड जातो, तुम्ही दाब वाढवता, आणि कड आणखी रुतते. वरचे सूर जाण्याचं कारण इथे आहे. तुमची ताकद कमी पडत असती तर पहिल्या अर्ध्या तासातही ते नीट निघाले नसते.

म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न कपाचा नाही, रिमचा आहे. आतली कड गोलसर हवी आणि रिमची रुंदी मध्यम किंवा किंचित जास्त हवी. फार रुंद, गादीसारखी रिम घेऊ नका. तिच्यावर दाब पसरतो म्हणून पहिल्या दिवशी स्वर्गसुख वाटतं, पण ओठांची हालचाल अडते आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरताना आवाज चिकटतो. आतला व्यास किंचित वाढला तर रिमची वरची कड लाल भागातून वर, कातडीकडे सरकते. जराशी सरकली तरी रात्रीच्या वरातीत फरक कळतो. ज्यांचा माऊथपीस खूप वर बसतो त्यांनी हीच तपासणी खालच्या ओठाची करावी.

दुकानदाराचं ‘जाड ओठ म्हणून 1½सी’ हे गणित फार ऐकू येतं. ओठ बाहेरून जाड दिसतो म्हणून तो कपात जास्त शिरतोच असं नाही. कोणी ओठ आत दुमडून वाजवतो, कोणी बाहेर काढून. बाख या कंपनीच्या यादीत 7सीचा आतला व्यास 16.20 मिमी आहे, 5सीचा 16.25, 3सीचा 16.30 आणि 1½सीचा 17.00. 7 वरून 1½ म्हणजे आठ दशांश मिलिमीटरची उडी. कानाला क्षुल्लक वाटेल, पण तेवढ्याने कपात थरथरणारा ओठ वाढतो आणि तो आवळून धरायला कडेच्या स्नायूंना जास्त काम पडतं. सभागृहात तासभर वाजवणाऱ्याला ते जमतं. तीन-चार तासांच्या वरातीत चालत वाजवणाऱ्याला, तेही थेट 7सी वरून, जमणं कठीण.

मित्राने सांगितलेला शिल्के 14ए4ए हा उथळ कपाचा, अरुंद बॅकबोअरचा, म्हणजे थ्रोटपुढच्या अरुंद नळीचा, माऊथपीस आहे. बिग बँडमध्ये सगळ्यात वरची ओळ वाजवणाऱ्यांत तो प्रसिद्ध आहे. त्याने वरचे सूर ‘आपोआप’ निघत नाहीत. निघणारे सूर जास्त तेज आणि टोकदार होतात, एवढंच. खाली बसणाऱ्या बैठकीचा आवाज बहुतेकदा मुळातच तेज असतो, त्यात उथळ कप घातला की तो पातळ आणि कर्कश होतो. शिवाय उथळ कपात ओठाला पुढे यायला जागा कमी. सुजलेला ओठ कपाच्या तळाला टेकला की सूर हळूहळू कमजोर होत नाही, एकदम बंद पडतो, जणू कोणी नळी चिमटीत धरली. उथळ माऊथपीसवर रात्री उशिरा असं घडलं तर दोष तळाला टेकण्याचाच समजा. तुमचा ओठ आधीच सुजतोय, त्यामुळे हा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे.

दुकानात आणखी एका गोष्टीत फसगत होते. बाखच्या क्रमांकात आकडा जितका लहान तितका व्यास मोठा, आणि अक्षरांत ए सर्वात खोल, डी-ई उथळ. यामाहा आणि शिल्के यांचं बरोबर उलटं: आकडा मोठा तर व्यास मोठा, आणि ए सर्वात उथळ, ई सर्वात खोल. त्यामुळे यामाहाचा 11बी4 हा बाखच्या 7सीच्या जवळपास आहे, 11 सीच्या नव्हे. त्याचा आतला व्यास 16.46 मिमी दिलेला आहे आणि 14बी4 चा 16.88. पण यामाहाचं 16.46 आणि बाखचं 16.20 ही मापं शेजारी मांडून तुलना करू नका. रिमच्या आतल्या उतारावर कोणती कंपनी किती खाली मोजते ते वेगवेगळं असतं. एकाच कंपनीच्या यादीत वर-खाली सरकायला हे आकडे कामाचे, दोन कंपन्यांमध्ये नाहीत.

आता आमचा कौल. बाखचा 3सी किंवा 5सी, नाहीतर यामाहाचा 14बी4. कप मध्यम खोलीचा, म्हणजे वरातीत चालेल इतका तेज आणि देवळातल्या संथ आरतीलाही साजेल इतका भरीव. 5सीची आतली कड आमच्या मते या तिघांत सर्वात मऊ लागते, आणि तुमचा लाल भाग सोलवटतोय म्हणून आधी तोच वाजवून बघा. त्याने कड ओठातून बाहेर येत नसेल तर 3सी. 14बी4 ची रिम जरा चपटी असते, काही ओठांना ती स्थिर वाटते, काहींना टोचते. दुकानात बसून वाजवल्याशिवाय तो घेऊ नका. तीन नावं दिली म्हणून गोंधळू नका. आमच्या पहिल्या पसंतीचा 5सी बरा वाटला तर तिथेच थांबा.

दुकानात जाल तेव्हा आधी घरून अर्धा तास वाजवून जा. ताज्या ओठांना सगळेच माऊथपीस चांगले वाटतात. नक्कल ओळखायला व्हर्निअर कॅलिपर घेऊन जा आणि रिमपासून साधारण दीड मिलिमीटर खाली आतला व्यास मोजा. कंपनीच्या आकड्याशी दोन-तीन दशांशाचा फरक मोजण्याच्या पद्धतीमुळे पडतो, पण 3सी लिहिलेला माऊथपीस तसाच मोजलेल्या 7सीपेक्षा लहान भरला तर तो परत ठेवा. थ्रोट तपासायला ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरा. बाखचा नेहमीचा थ्रोट 27 नंबरचा, म्हणजे 3.66 मिमी असतो. 3.6 चं बिट हलकेच आत जायला हवं, 3.7 चं अडायला हवं. बिटची धारदार बाजू आत घालू नका आणि बिट फिरवू तर मुळीच नका. एक ओरखडा पडला की वाकडा आवाज कायमचा.

हीच तपासणी पैसे घालवण्याआधी तुमच्या जुन्या माऊथपीसची करा. कंपनीचं नाव नसलेल्या माऊथपीसवर ‘7सी’ लिहिलंय म्हणजे तो 7सी असेलच असं नाही. त्यातून वर्षानुवर्षं न धुतलेल्या माऊथपीसच्या थ्रोटमध्ये आणि बॅकबोअरमध्ये थुंकीचा थर इतका साचतो की भोक निम्म्यावर येतं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग माऊथपीसच्या निमुळत्या ब्रशने आरपार घासा. 3.6 चं बिट आधी अडत होतं आणि आता जातंय, असं झालं तर आठवडाभर त्याच माऊथपीसवर वाजवून बघा. नंतर दर आठवड्याला धुवा. रिमवरचा चांदीचा मुलामा उडून पिवळं पितळ दिसत असेल तर मात्र धुण्यापलीकडे गेलंय. उघडं पितळ ओठावर हिरवट डाग पाडतं, काहींना त्याने खाजही येते, आणि तुमच्या ओठाची साल निघण्यात त्याचाही हात असू शकतो.

शँक, म्हणजे ट्रम्पेटच्या आत जाणारं निमुळतं टोक, जवळून बघा. ते खाली पडून चेमटलेलं असेल तर गोल उरत नाही आणि वरचे सूर डळमळतात. निमुळता दांडा घालून कुशल कारागीर ते गोल करून देतो, पक्कडीने घरी करू नका. माऊथपीस हलकेच आत सरकवून डावीकडे-उजवीकडे हलवा. डुगडुगला तर रिसिव्हरचा, म्हणजे ट्रम्पेटवर शँक बसतो त्या तोंडाचा, निमुळतेपणा जुळत नाही. साधारण अडीच सेंटिमीटर शँक आत जातो. शँकच्या टोकापासून आतल्या लीडपाइपपर्यंत, म्हणजे ट्रम्पेटच्या पहिल्या नळीपर्यंत, दोन-तीन मिलिमीटरची फट राहणं बहुतेक वाद्यांना मानवतं. देशी वाद्यात रिसिव्हर सैल असला की माऊथपीस जास्त आत जातो, फट उरत नाही आणि वाद्य अडून बोलतं. तपासायला सोपी युक्ती आहे. वहीच्या कागदाची पट्टी शँकभोवती एकदाच गुंडाळून लावा. कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो आणि शँकचा निमुळतेपणा वीसास एक, म्हणून एका वेढ्याने माऊथपीस चार मिलिमीटर बाहेर येतो. टिश्यू पेपरने त्याहून कमी. वाद्य एकदम मोकळं बोलायला लागलं तर दोष फटीचा होता. कॉर्नेटचा माऊथपीस ट्रम्पेटला लावू नका. त्याचा शँक बारीक असतो.

नवा माऊथपीस कधी लावायचा हेही महत्त्वाचं. लग्नसराईत मुळीच नाही. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात आणि गणपती यायला दीड-दोन महिने असतात, तो काळ उत्तम. पहिला आठवडा रोज वीस-वीस मिनिटं दोनदा वाजवा, हाय सीच्या, म्हणजे वरच्या सीच्या, जवळ जाऊ नका. जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ ओठांना विश्रांती. या आठवड्यात कसलाच निकाल देऊ नका, कारण नव्या माऊथपीसवर पहिले दोन दिवस सगळं सोपं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं बिघडल्यासारखं वाटतं, आणि खरं काय ते त्यानंतर कळतं. दोन माऊथपीस आलटून पालटून वाजवण्याचा मोहही टाळा.

दुसऱ्या आठवड्यापासून मोबाईल तीन-चार मीटर लांब ठेवून एकच गाणं रोज रेकॉर्ड करा. माऊथपीसच्या मागे तुम्हाला जो आवाज ऐकू येतो तो समोरच्याला ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह न दाबता खालचा सी, मधला सी आणि वरचा सी हळू वाजवून ट्यूनर बघा. तुमचा सी म्हणजे पेटीची काळी पाच, ट्यूनर बी-फ्लॅट दाखवेल. मुख्य स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, एक-दीड सेंटिमीटर बाहेर असताना सूर जुळायला हवा. ती अडीचच्या पुढे ओढावी लागली तर कप तुमच्या वाद्याला फार उथळ आहे. हे सकाळी करा. दुपारच्या उन्हात तापलेला ट्रम्पेट वर चढतोच. आणि मधला जी अगदी हळू, जीभ न लावता, नुसत्या फुंकेने सुरू करून बघा. सूर श्वासाबरोबर उमटायला हवा. आधी नुसती हवा आणि मग आवाज येत असेल तर व्यास तुम्हाला मोठा पडतोय किंवा ओठ अजून सुजलेला आहे.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ठशाचा फोटो काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवा. रिमची वरची कड लाल भागाबाहेर, निदान काठावर आली असेल आणि तासाभराच्या रियाजानंतर वळ दहा मिनिटांत विरत असेल, तर माऊथपीस तुमचा झाला. वळ पूर्वीसारखाच असेल तर डाव्या हाताने ट्रम्पेट किती ओढून धरता ते तपासा. उजव्या हाताची करंगळी हुकातून काढून वाजवून बघा, दाब लगेच कमी होतो.

मास्तरांना दोन्ही फोटो दाखवा. अनुभवी माणूस ठसा बघून समजून घेईल, आणि बँडमधल्या नव्या मुलांनाही त्याचा उपयोग होईल. वरातीत दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याबरोबर कडवी वाटून घ्यायला त्यांच्याकडूनच परवानगी घ्या. एक कडवं तुम्ही, एक त्याने. चार तासांत ओठाला मिळणारी ही विश्रांती कुठलाही माऊथपीस देऊ शकत नाही.

सूज दोन दिवसांत उतरली नाही, ओठाला बधिरपणा आला, किंवा ओठात एका जागी खड्डा पडल्यासारखं लागून तिथून हवा सुटायला लागली, तर वाजवणं पूर्ण बंद करून डॉक्टरांना दाखवा. ओठाभोवतालचा गोल स्नायू दाबाने फाटू शकतो. लुई आर्मस्ट्राँग यांच्या टोपणनावावरून त्या दुखापतीला सॅचमो सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांकडे जाताना ट्रम्पेट आणि माऊथपीस दोन्ही बरोबर न्या आणि रिम नेमकी कुठे बसते ते त्यांना लावून दाखवा.